कॉर्टेक्सचे क्षेत्रफळ कसे मोजायचे: एमआरआयपासून बेरीज जुळेपर्यंत

सोलापुरात रेडिओलॉजी किंवा मानसोपचार शिकणारे निवासी डॉक्टर आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं, दोघंही आजकाल एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, कॉर्टिकल सरफेस एरिया काढायचाय, कमांड कोणती?" म्हणजे मेंदूच्या सर्वात बाहेरच्या, घड्या पडलेल्या थराचं, कॉर्टेक्सचं, क्षेत्रफळ. कमांड एका ओळीची आहे. ती मिळाली की माणूस खुशीत जातो आणि प्रबंध सादर करायची वेळ आली की गाइडने विचारलेला प्रश्न घेऊन परत येतो: "क्षेत्रफळ खरं, पण कोणत्या पृष्ठभागाचं?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवण्यासाठी आहे. सगळा भर एमआरआयवरून मेंदूचा पृष्ठभाग उभारणाऱ्या फ्रीसर्फर या मोफत सॉफ्टवेअरवर ठेवला आहे. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाकायची.

आधी थोडं गणित

कॉर्टेक्स सरासरी अडीच मिलिमीटर जाडीचा थर आहे आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांमध्ये दडलेला असतो. बाहेरून कवटीच्या आकारावरून अंदाज बांधणं म्हणूनच निरुपयोगी. मग इंजिनीअरिंगवाल्यांना हमखास सुचतं ते असं: ग्रे मॅटरचे, म्हणजे कॉर्टेक्सच्या करड्या ऊतीचे, व्हॉक्सेल (एमआरआय चित्राचे घनाकृती ठिपके) शोधा, त्यांच्या उघड्या बाजू मोजा, झालं. हे का चालत नाही ते एका गोळ्यावर बघा. १० मिमी त्रिज्येच्या गोळ्याचं खरं क्षेत्रफळ सुमारे १,२५७ चौ. मिमी. तोच गोळा बारीक चौकोनी ठोकळ्यांनी रचून त्यांच्या बाहेरच्या बाजू मोजल्या, तर उत्तर १,८८५ च्या आसपास येतं. म्हणजे दीडपट. ठोकळे कितीही बारीक करा, हा फरक जात नाही, कारण पायऱ्या लहान होतात पण पायऱ्याच राहतात.

म्हणून पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळ्याने बनवावा लागतो. फ्रीसर्फरसुद्धा सुरुवातीला व्हॉक्सेलच्या कडांवरूनच त्रिकोण पाडतं, पण नंतर ते जाळं गुळगुळीत करून ग्रे आणि त्याच्या आतल्या व्हाइट मॅटरच्या सीमेवर व्हॉक्सेलपेक्षाही बारीक अचूकतेने बसवतं.

एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ शाळेतलंच. समजा तीन बिंदू आहेत (०, ०, ०), (१, ०, ०) आणि (०, १, ०.५), सगळे मिमीमध्ये. पहिल्या बिंदूपासून निघणाऱ्या दोन बाजूंचा सदिश गुणाकार (०, −०.५, १), त्याची लांबी १.११८, तिचं निम्मं ०.५५९ चौ. मिमी. एका बाजूच्या गोलार्धात असे अडीच-तीन लाख त्रिकोण असतात. त्यांची बेरीज म्हणजे त्या गोलार्धाचं क्षेत्रफळ.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचा अर्धा लेख त्याच्यावर उभा आहे. क्षेत्रफळ त्रिकोणाचं असतं, बिंदूचं नसतं. पण फ्रीसर्फर जाडी, वक्रता वगैरे सगळं बिंदूंवर साठवतं, म्हणून क्षेत्रफळही बिंदूंवर वाटून टाकतं: प्रत्येक त्रिकोण आपल्या तिन्ही टोकांना एकेक तृतीयांश देतो. वरच्या त्रिकोणाने प्रत्येक टोकाला ०.१८६ दिले. ही वाटणी आहे, तेव्हा तपासायचा नियमही वाटणीचाच: तुकडे कसेही करा, एकूण बेरीज बदलता कामा नये.

कोणता पृष्ठभाग

एकाच मेंदूला फ्रीसर्फर दोन पृष्ठभाग देतं. 'व्हाइट' म्हणजे ग्रे आणि व्हाइट मॅटरमधली सीमा, 'पायल' म्हणजे कॉर्टेक्सची बाहेरची, मेंदूच्या पाण्याला लागलेली बाजू. दोन्हींचं क्षेत्रफळ वेगळं येतं आणि दोन्ही बरोबर असतात. सोलापुरी टर्किश टॉवेल हातात घेऊन बघा. खालचं विणलेलं कापड व्हाइट, वरचे सुताचे फेरे जिथे संपतात ती पातळी पायल. टॉवेलला घडी घाला. घडीच्या बाहेरच्या अंगाला फेरे फाकतात, आतल्या अंगाला एकमेकांत दाबले जातात. खालच्या कापडाचं माप मात्र तेच राहतं. मेंदूच्या वळीच्या माथ्यावर पायल असाच ताणला जातो आणि खाचेच्या तळाशी आक्रसतो.

म्हणून पायलच्या क्षेत्रफळात जाडी मिसळलेली असते. वयाने किंवा आजाराने जाडी कमी झाली तर पायलचा आकडा हलतो, भले पृष्ठभागाचा विस्तार तसाच असो. व्हाइटमध्ये ही भेसळ बरीच कमी. जैविकदृष्ट्याही दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात अर्थ आहे. राकिक यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार क्षेत्रफळ ठरतं ते पेशींच्या उभ्या स्तंभांच्या संख्येवर, जाडी ठरते एका स्तंभातल्या पेशींवर. जुळ्यांवरच्या २००९ च्या अभ्यासात या दोन मापांमागचे आनुवंशिक घटक बहुतांशी वेगळे निघाले. २०२० मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने ५१ हजारांहून जास्त लोकांच्या एमआरआयवर केलेल्या कामातही हाच कल दिसला. माझं मत स्पष्ट आहे: ठोस कारण नसेल तर व्हाइटच घ्या. फ्रीसर्फरच्या मुख्य तक्त्यात येतो तोही व्हाइटचाच. नुसतं 'ग्रे मॅटर व्हॉल्यूम' देऊन मोकळं होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की व्हॉल्यूम म्हणजे साधारण क्षेत्रफळ गुणिले जाडी. एक वाढलं आणि दुसरं घटलं, तर व्हॉल्यूम म्हणेल काहीच झालं नाही.

स्कॅन कसा हवा

इथे बहुतेकांचं काम सुरू व्हायच्या आधीच अडतं. नेहमीच्या ब्रेन एमआरआयमध्ये ५ मिमी जाडीचे काप असतात. निदानाला ते पुरतात. पण अडीच मिमीच्या थराचं क्षेत्रफळ ५ मिमीच्या कापावरून कसं काढणार? टी-वन प्रकारचा, थ्रीडी, तिन्ही दिशांना १ मिमी असा स्कॅन लागतो. सीमेन्सच्या मशिनवर त्याला एमपीरेज म्हणतात, जीईवर ब्राव्हो किंवा एसपीजीआर, फिलिप्सवर थ्रीडी टीएफई. स्कॅन व्हायच्या आधी टेक्निशियनशी बोला, पेशंट टेबलावरून उतरल्यावर नाही. हा सीक्वेन्स काही मिनिटं खातो आणि गर्दीच्या दिवशी तो जोडायला कुणीच राजी नसतं. तेव्हा सकाळचा पहिला स्लॉट मागा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा नीट लावून घ्या. डोकं हललं तर कॉर्टेक्स आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो आणि पृष्ठभागही वेडावाकडा बसतो.

फिल्म नको, व्हॉट्सॲपवरचे फोटो तर अजिबात नकोत. सीडीवरच्या मूळ डायकॉम फाइल, म्हणजे मशीन स्वतः देतं त्या स्वरूपातल्या, घ्या. त्यांच्या पोटात पेशंटचं नाव, वय, तारीख सगळं असतं, त्यामुळे संशोधनासाठी कोड नंबर देऊन नाव काढणं तुमच्यावर आलं. थ्रीडी स्कॅनवरून चेहराही उभा करता येतो, तेव्हा तो बाहेर कुणाला देण्याआधी चेहऱ्याचा भाग पुसा. नैतिक समितीची परवानगी लागतेच. शिवाय आपल्याकडे संमतीपत्र फक्त मराठीत ठेवून भागत नाही. पूर्व भागातल्या तेलुगू घरांतली आणि अक्कलकोटकडची कानडी बोलणारी माणसं सही करतील, पण समजून करतील का हा प्रश्न आहे. तिन्ही भाषांत करून घ्या.

स्वतःचा डेटा नसेल तर अडून बसू नका. ओएसिस हा खुला संच आहे, त्याच्या पहिल्या भागात १८ ते ९६ वयाचे ४१६ लोक आहेत. आणि नुसता हात बसवायचा असेल तर फ्रीसर्फरसोबत 'बर्ट' नावाचा तयार मेंदू येतोच.

चालवणे

फ्रीसर्फर लिनक्स आणि मॅकवर चालतं. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाकावं. लायसन्स फुकट आहे, फॉर्म भरला की ईमेलवर एक छोटी फाइल येते. ती फ्रीसर्फरच्या फोल्डरमध्ये ठेवली नाही तर काहीच हलत नाही. सातव्या आवृत्तीला ८ जीबी रॅम कशीबशी पुरते, १६ असेल तर बरं. आठवीला याहून बरीच जास्त लागते. एका माणसाच्या फोल्डरसाठी डिस्कवर अर्धा जीबी धरून चाला.

डायकॉम फाइल 'डीसीएम-टू-नीक्स' या साधनाने निफ्टी या फाइलच्या प्रकारात बदला. मग मुख्य कमांड: रिकॉन-ऑल, पुढे वजा-आय आणि निफ्टी फाइल, वजा-एस आणि व्यक्तीचा कोड, शेवटी वजा-ऑल. एका मेंदूला कित्येक तास लागतात. वजा-पॅरलल जोडलं तर दोन्ही गोलार्ध एकदम चालतात आणि वेळ वाचतो. तासन्‌तास थांबणं परवडत नसेल आणि ग्राफिक्स कार्ड असेल, तर जर्मनीत बॉनला तयार झालेलं फास्टसर्फर बघा. मात्र अर्धे लोक फ्रीसर्फरने आणि अर्धे फास्टसर्फरने, असं करायचं नाही. फ्रीसर्फरच्या दोन आवृत्त्यांत किंवा दोन ऑपरेटिंग सिस्टिममध्येही आकडे बदलतात हे २०१२ मध्येच दाखवून झालं आहे. सगळा संच एकाच संगणकावर, एकाच आवृत्तीने.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर सहज जातो. अशा दुपारी लॅपटॉप तापून मंदावतो आणि त्यात लाइट जाते. रन मधेच तुटला की पुन्हा सुरू करताना फ्रीसर्फर सांगतं, हा मेंदू आधीच चालू आहे. घाबरायचं कारण नाही. त्या व्यक्तीच्या 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये 'इजरनिंग'ने सुरू होणारी फाइल उरलेली असते, ती पुसा. मग रिकॉन-ऑल, वजा-एस, कोड, आणि पुढे 'वजा-मेक ऑल' द्या. झालेल्या पायऱ्या सोडून ते पुढचं काम उचलतं. यावेळी वजा-आय द्यायचं नाही, दिलं तर ते अडून बसतं. शक्य असेल तर रन रात्री लावा, संगणक यूपीएसवर ठेवा.

डोळ्यांनी बघणे

'फिनिश्ड विदाउट एरर' ही ओळ म्हणजे प्रोग्राम पडला नाही, एवढंच. पृष्ठभाग बरोबर बसला की नाही हे फ्रीव्ह्यूमध्ये, म्हणजे फ्रीसर्फरच्या चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडून बघावं लागतं. मेंदूच्या चित्रावर व्हाइट पिवळ्या रेषेने आणि पायल लाल रेषेने काढून घ्या आणि काप एकेक करत पुढे जा. टेम्पोरल पोल, डोळ्यांच्या वरचा फ्रंटल भाग आणि मागे सेरेबेलमच्या वरची बाजू, या तीन जागी थांबून बघा.

लाल रेषा ड्युरावर (मेंदूभोवतीच्या जाड पडद्यावर) चढली असेल तर पायलचं क्षेत्रफळ आणि जाडी बिघडते, व्हाइटला फारसा धक्का लागत नाही. उलट जे फसवतं ते असं: वयस्कर माणसाच्या व्हाइट मॅटरमध्ये टी-वनवर काळसर डाग असतात. सॉफ्टवेअर त्यांना ग्रे मॅटर समजतं आणि पिवळी रेषा आत बुडी मारते. तिथे एक खोटी खाच तयार होते, आणि क्षेत्रफळ चक्क वाढतं. आजारी गटात क्षेत्रफळ जास्त निघालं म्हणून हुरळून जाण्याआधी हे बघा. दुरुस्तीसाठी डब्ल्यूएम या चित्रावर तो डाग व्हाइट म्हणून रंगवा आणि 'ऑटोरिकॉन-२-डब्ल्यूएम' पासून पुढे पुन्हा चालवा. पायलची चूक असेल तर ब्रेनमास्क या चित्रातून ड्युरा पुसून 'ऑटोरिकॉन-पायल'. रोज आठ-दहा मेंदूंपेक्षा जास्त तपासू नये, नंतर डोळा माफ करायला लागतो.

एक आकडा मदतीला आहे. गोलार्धाचं जाळं गोळ्यासारखं बंद असायला हवं, म्हणजे बिंदू वजा कडा अधिक त्रिकोण बरोबर २. याला ऑयलर संख्या म्हणतात. सुरुवातीच्या कच्च्या जाळ्यात भोकं असतात आणि प्रत्येक भोकामागे ही संख्या २ ने घटते. ती −४० असेल तर २१ भोकं. सॉफ्टवेअर ती बुजवतं, पण जिथे खूप भोकं होती तिथे स्कॅनच खराब होता असं समजायला हरकत नाही. 'एसेग डॉट स्टॅट्स' फाइलमध्ये 'सरफेस होल्स' नावाने हा हिशेब मिळतो. सगळ्या लोकांचे हे आकडे एका स्तंभात लावा आणि जे एकदम वेगळे दिसतात त्यांचे स्कॅन आधी उघडा.

आकडे काढणे

'स्टॅट्स' फोल्डरमध्ये 'एलएच डॉट एपार्क डॉट स्टॅट्स' उघडा. एलएच म्हणजे डावा गोलार्ध, आरएच उजवा. डेसिकन-किलियानी नकाशानुसार एका बाजूचे ३४ भाग ओळीने येतात. पहिला स्तंभ नाव, दुसरा बिंदूंची संख्या, तिसरा 'सर्फएरिया' म्हणजे व्हाइटचं क्षेत्रफळ चौ. मिमीमध्ये, मग व्हॉल्यूम, मग जाडी. दुसऱ्या स्तंभातले बिंदूच क्षेत्रफळ समजून उचलणारे लोक आहेत, तेव्हा सांभाळून. सगळ्या लोकांचा एक तक्ता हवा असेल तर 'एपार्कस्टॅट्स-टू-टेबल' ही कमांड, तिला माप म्हणून 'एरिया' सांगायचं.

आता पहिली बेरीज. ३४ भागांचं क्षेत्रफळ एक्सेलमध्ये जोडा आणि फाइलच्या वरच्या भागातल्या 'व्हाइटसर्फएरिया'शी ताडून बघा. जवळपास जुळायला हवं. प्रौढ माणसाच्या एका गोलार्धाला ८० हजार ते १ लाख चौ. मिमीच्या आसपासचा आकडा नेहमीचा. फार वेगळं आलं तर व्हॉक्सेलचा आकार निफ्टीत चुकला आहे का ते आधी बघा.

दुसरी बेरीज पायथनमध्ये. निबाबेल या लायब्ररीने 'सर्फ' फोल्डरातली 'एलएच डॉट एरिया' वाचा आणि सगळे आकडे जोडा. ही बेरीज वरच्यापेक्षा जास्त निघेल. गडबड नाही. दोन गोलार्धांच्या मधोमध, कॉर्पस कॅलोसमच्या आसपास, कॉर्टेक्स नसतोच. जाळं बंद करायला तिथेही त्रिकोण टाकलेले असतात. 'कॉर्टेक्स डॉट लेबल'मधले बिंदू तेवढे घेऊन पुन्हा जोडा म्हणजे हिशेब लागतो.

बिंदूनिहाय तुलना

३४ भागांवर समाधान न होणाऱ्यांसाठी. एकाच माणसाचा 'एलएच डॉट एरिया' चित्रावर रंगवला तर नुसते ठिपके दिसतात. त्यातून कळतं ते जाळं कुठे दाट पडलं आणि कुठे विरळ, मेंदूबद्दल काही नाही. अर्थ येतो तो सगळ्यांना एकाच सामाईक पृष्ठभागावर आणल्यावर. फ्रीसर्फरमध्ये तो 'एफएसॲव्हरेज', ४० लोकांवरून बनवलेला, दर गोलार्धाला १,६३,८४२ बिंदू आणि ३,२७,६८० त्रिकोण. तिथे एका बिंदूवरचा आकडा सांगतो की या जागेला त्या माणसाचं किती क्षेत्रफळ वाट्याला आलं.

जाडी नेताना शेजारच्या बिंदूंवरून सरासरी काढली तरी चालतं. क्षेत्रफळाचं तसं नाही. ते नेताना काही त्रिकोण दोनदा मोजले जातात, काही सुटतात, आणि एकूण बेरीज बिघडते. विंकलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: क्षेत्रफळ त्रिकोणानिहाय मोजा, आणि नव्या जाळ्यावर नेताना ते जितकं होतं तितकंच राहील अशी पद्धत वापरा. फ्रीसर्फरचं 'एमआरआयएस-प्रीप्रॉक' माप 'एरिया' असेल तर जॅकोबियन दुरुस्ती (जाळं ताणल्या-आक्रसल्याचा हिशेब) आपोआप लावतं. 'नो-जॅक' हा पर्याय मात्र चुकूनही देऊ नका. तिसरी बेरीज इथेच: स्मूदिंगच्या (शेजारच्या बिंदूंचे आकडे मिसळून नकाशा गुळगुळीत करण्याच्या) आधी एफएसॲव्हरेजवरच्या सगळ्या बिंदूंचं क्षेत्रफळ जोडा आणि त्या माणसाच्या मूळ 'एलएच डॉट एरिया'च्या बेरजेशी ताडा. मोठी तफावत असेल तर पुढची आकडेमोड करण्यात अर्थ नाही. आणि एफएसॲव्हरेजचं स्वतःचं क्षेत्रफळ कुणाचंच नसतं. सरासरीत घड्या पुसल्या गेल्याने ते खऱ्या मेंदूपेक्षा कमी भरतं.

स्मूदिंग १० मिमीपासून सुरू करायला हरकत नाही. निकालाच्या सार्थकतेसाठी परम्युटेशन (गटांची नावं पुन्हा पुन्हा अदलाबदल करून बघणं) वापरा. ग्रीव्ह आणि फिशल यांनी २०१८ मध्ये तपासलं तेव्हा नेहमीच्या गॉसियन सिम्युलेशनने क्षेत्रफळात खोटे निकाल मर्यादेपेक्षा जास्त येत होते. परम्युटेशनने ते आटोक्यात आले.

डोक्याचा आकार

उंचापुरा पुरुष आणि लहान चणीची बाई यांचं क्षेत्रफळ तसंच शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. म्हणून लोक सरसकट कवटीच्या आतल्या व्हॉल्यूमने, म्हणजे 'ईटीआयव्ही'ने भागतात. ते चुकतं. आकार तोच ठेवून व्हॉल्यूम १० टक्के वाढवलं तर क्षेत्रफळ ६.६ टक्केच वाढतं, कारण घातांक दोन तृतीयांश. खऱ्या मेंदूत मोठ्या आकाराबरोबर घड्याही वाढतात, त्यामुळे घातांक त्याहून जास्त निघतो. सरळ भागाकाराऐवजी ईटीआयव्ही किंवा एकूण क्षेत्रफळ सहचर (कोव्हेरिएट) म्हणून मॉडेलमध्ये घ्या. कोणतं घ्यायचं हे प्रश्नावर ठरतं. 'हा भाग बाकी मेंदूच्या मानाने लहान आहे का' असं विचारायचं असेल तर एकूण क्षेत्रफळ. दोन मशिनवरचे स्कॅन एकत्र करत असाल तर मशीनही मॉडेलमध्ये हवं. आजारी सगळे एका मशिनवर आणि निरोगी सगळे दुसऱ्यावर असतील तर कोणतंच सॉफ्टवेअर वाचवणार नाही.

लिहिताना

प्रबंधाच्या पद्धती विभागात आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, व्हाइट की पायल, कोणता नकाशा, किती स्कॅन तपासणीत बाद केले आणि का, सहचर कोणते, हे सगळं लिहा. एन्टोरायनल आणि टेम्पोरल पोलसारखे छोटे भाग एकट्याच्या बळावर निष्कर्षात आणू नका, तिथे सीमाच डळमळीत असते. एकक एकच ठेवा. १०० चौ. मिमी म्हणजे १ चौ. सेमी, त्यामुळे ९०,००० चौ. मिमीचा गोलार्ध ९०० चौ. सेमीचा झाला. तक्त्यात ९,००० चौ. सेमी दिसलं, तर १०० ऐवजी लांबीच्या १० ने भागून क्षेत्रफळ काढलं गेलं आहे. अशी चूक गाइडच्या सहीनंतरही तशीच राहिलेली सापडते.